देवाच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष

दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी विवेकपरीक्षण कसे करावे हे सांगणाऱ्या ज्या छोट्या पुस्तिका आपल्या धर्मग्रामांतून वाटल्या जातात, त्यांत या आज्ञेखाली प्रश्नांची चांगली लांब यादी असते : कुणाची निंदा केली का, चहाडी केली का, दुसऱ्याच्या अब्रूला धक्का लागेल असे काही पसरवले का. देवाविषयी खोटे बोललात का, असा प्रश्न मात्र त्या यादीत आम्ही आजवर पाहिलेला नाही. देवाची बाजू घेताना माणूस खोटे बोलू शकेल ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. देवाची स्तुती कितीही केली तरी थोडीच, मग तिच्यात दोन शब्द अधिकउणे झाले तर बिघडले कुठे, असा आपला हिशेब असतो.

सेमिनरीत असताना आम्हांस हिब्रू भाषेची तोंडओळख करून देण्यात आली होती. ती भाषा आमच्या कितपत गळी उतरली हे आमच्या प्राध्यापकांनाच ठाऊक. पण एक शब्द लक्षात राहिला. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करणारी जी दुसरी आज्ञा, तिच्यात 'व्यर्थ' या अर्थी मूळ शब्द आहे 'शाव्'. पोकळ, निःसत्त्व, आणि म्हणूनच खोटे, असा त्याचा आशय. अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात दहा आज्ञा पुन्हा येतात, तेव्हा खोट्या साक्षीच्या आज्ञेतही हाच शब्द योजलेला आहे. म्हणजे देवाचे नाव पोकळपणे उच्चारणे आणि शेजाऱ्याविषयी पोकळ साक्ष देणे यांना पवित्र शास्त्राने एकाच मापाने मोजले आहे. आपण मात्र दुसरी आज्ञा शपथा आणि शिव्या यांच्यापुरती ठेवली, आठवी आज्ञा शेजारपाजाऱ्यांपुरती ठेवली, आणि व्यासपीठावरून देवाच्या नावाने काय वाटेल ते सांगण्याची मोकळीक स्वतःकडे राखून घेतली.

पवित्र शास्त्रातील एक संपूर्ण ग्रंथ या मोकळिकीच्या विरोधात उभा आहे. योबाचे मित्र त्याच्याकडे आले ते सद्भावनेने. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. त्यांचे तेवढेच वागणे निर्दोष होते, असे म्हणावे लागते. कारण तोंड उघडले आणि ते देवाचे वकील झाले. देव न्यायी आहे, ज्या अर्थी योब दुःखात आहे त्या अर्थी त्याच्या हातून पाप घडलेच असले पाहिजे, आणि ते त्याने कबूल करावे, हा त्यांचा युक्तिवाद. तेव्हा योब त्यांना विचारतो की, तुम्ही देवाच्या वतीने असत्य बोलणार आहात का, न्यायालयात एखाद्याचा पक्ष घ्यावा तसा त्याचा पक्ष घेणार आहात का? ग्रंथाच्या शेवटी देवाचा निकाल लागतो तो या मित्रांच्या विरुद्ध. देवाची एवढी तरफदारी करणाऱ्यांना सात गोऱ्हे आणि सात एडके घेऊन प्रायश्चित्त करावे लागते, आणि ज्याने देवाशी भांडण मांडले त्या योबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असे ठरते.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मित्रांची वाक्ये सुटी काढून पाहिली तर त्यांत वावगे असे फारसे काही नाही. अलीफजाचे एक वचन तर खुद्द संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आधारादाखल घेतले आहे. वाक्य खरे असू शकते आणि तरीही ज्या राखेच्या ढिगाऱ्यावर ते उच्चारले जाते तेथे ती खोटी साक्ष ठरू शकते. प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने रात्री झोप उडावी अशी ही बाब आहे, असे आम्हांस वाटते.

आता हे सारे आम्हांस सुचण्याचे कारण सांगितले पाहिजे. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी खापा नावाचे जुने गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा नगर म्हणणे योग्य, कारण तेथील नगरपालिका १८६७ सालची आहे. एके काळी हातमागाच्या कापडासाठी खाप्याचे नाव होते. घराघरांतून धोटे चालत. आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, संत्र्याच्या बागा आहेत. त्याच तालुक्यात वाकीला ताजुद्दीन बाबांचे स्थान आहे, तेथे सर्व धर्मांची माणसे जातात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाला शरण गेलेली घरे गावात आहेत, वारकरी आहेत, महानुभाव आहेत. आपल्या पंथाची घरे बोटांवर मोजण्याइतकी; त्यांच्यापैकी एकाच्या ओसरीत आम्ही अधूनमधून मिस्सा अर्पण करतो. अशा ठिकाणी देवाविषयी जे काही बोलावे ते एकट्या आपल्या माणसांच्या कानांवर पडत नाही. ओसरीला दार नसते.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या घरांपैकी एकातील एकोणीस वर्षांचा मुलगा कन्हानच्या पाण्यात गेला. पोहणारा मुलगा होता. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा घरात सांत्वनाचे बोलणे चालले होते. कुणी म्हणत होते, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. कुणी म्हणत होते, देवाची इच्छा. एका गृहस्थांनी हलक्या आवाजात, पण आईच्या कानी जाईल अशा बेताने, मुलगा मागील तीन महिने मिस्साला आलेला नव्हता, याची आठवण करून दिली. आई आमच्याकडे वळून म्हणाली, "फादर, माह्या पोराले देवानं कायले नेलं?"

आम्ही म्हणालो की ते आम्हांस ठाऊक नाही. देवाने त्याला नेले असेही आम्ही म्हणणार नाही. तो पाण्यात बुडाला, एवढे आम्हांस ठाऊक आहे. येशू आपल्या मित्राच्या थडग्यापाशी आला तेव्हा त्याने लाजरस का मेला याचे कारण बहिणींना सांगितले नाही, तो रडला, हेही आम्हांस ठाऊक आहे. आणि मेलेले उठतील असा आमचा विश्वास आहे, तो आम्ही तिच्याशेजारी बसून म्हणू शकतो. पण 'का' याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

मुलाचे काका नाराज झाले. "फादर, तुमी त शिकलेले. तुमालेच ठाऊक नाही म्हणता, त आमी कोणाले इचारावं?" त्यांचा राग आम्ही समजू शकतो. शिकलेल्या माणसाने उत्तर द्यावे ही अपेक्षा चुकीची नाही. डॉक्टरकडे जाऊन 'ठाऊक नाही' ऐकावे लागले तर आपणही दुसरा डॉक्टर शोधतो. त्या घरानेही तेच केले. काही महिने ते दूरच्या एका प्रार्थनामंडळात जात राहिले. तेथे त्यांना उत्तर मिळाले, आणि अगदी नेमके मिळाले : घरात जुन्या देवाची तसबीर राहून गेली होती, म्हणून हा कोप झाला. तसबीर होती, हे खरे. मुलाच्या आजीच्या माहेरची होती, पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेली. म्हातारीने ती स्वतःच्या हाताने त्याच नदीत सोडली, आणि त्यानंतर ती घरात कुणाशी फारसे बोलेनाशी झाली. नातवाचे मरण आपल्यामुळे झाले, हे देवाच्या नावाने तिच्या पदरात टाकले गेले होते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आणि देवाच्या नावाचा व्यर्थ उच्चार, दोन्ही आज्ञा एका वाक्यात मोडल्या गेल्या, आणि ज्याने मोडल्या त्याला आपण देवाची सेवा केली असेच वाटले असेल.

शुभवर्तमानात याचे उत्तर स्पष्ट आहे, तरी ते आपल्याकडून वाचले जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक पापी होती का, असे विचारून येशूनेच नाही म्हणून सांगितले. पश्चात्तापाचे आवाहन केले ते उभे असलेल्या सर्वांना. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले की पाप कुणाचे, याचे की आईबापांचे. तेव्हाही उत्तर आले की कुणाचेच नाही. दोनदा विचारले गेले आणि दोनदा नकार मिळाला. तिसऱ्यांदा आपण विचारतो ते ओसरीवर, आणि येशूला न विचारता उत्तरही आपणच देतो.

खाप्यात आमचे एक परिचित आहेत, निवृत्त शिक्षक, बौद्ध. मिस्सा संपल्यावर चहाच्या वेळी ते कधीकधी येऊन बसतात. त्यांचा प्रश्न आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या प्रवचनांहून अधिक कस पाहणारा आहे. ते म्हणाले, "पाऊस आला तर तुम्ही म्हणता देवाची कृपा. नाही आला तर म्हणता देव परीक्षा पाहतो. अतिवृष्टी झाली तर म्हणता देवाची योजना आपल्याला कळत नाही. मग फादर, तुमचा देव नापास केव्हा होतो?" गुरुजींनी आयुष्यभर पेपर तपासले, त्यामुळे मुद्दा मांडण्याची त्यांची पद्धतही तशीच. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला, त्यांनी अनेकदा वाचला आहे. ईश्वर मानल्याने माणसामाणसांतील वागणुकीत काय फरक पडतो, हा त्यांचा पाया आहे.

प्रश्न रास्त आहे असेच आम्ही म्हणालो. जमाखर्चाच्या वहीत जमेची सर्व रक्कम देवाच्या नावे आणि खर्चाची सर्व रक्कम माणसाच्या पापाच्या नावे मांडणारा कारकून कोणत्याही पेढीवर टिकणार नाही. आमची श्रद्धा पावसाच्या आकड्यांवर उभी नाही. ती क्रूसावर मेलेल्या आणि उठलेल्या एका माणसाविषयी काही साक्षीदारांनी जे सांगितले त्यावर उभी आहे. ते खोटे ठरले तर आमचा प्रचार व्यर्थ, हे संत पौलाने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि त्याच दमात असेही की मग आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरू. गुरुजींना हे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "म्हणजे नापास होण्याची अट तुमच्या पुस्तकात आहे तर." त्यांना आमची साक्ष पटली, असे मुळीच नाही. परंतु त्यानंतर त्यांनी पावसाचा विषय काढला नाही, आणि आम्हीही पावसाचे श्रेय देवाच्या खात्यावर परस्पर जमा करण्याचे टाळतो.

हाच न्याय चमत्कारांना लागू व्हावा. अलीकडे साक्ष देण्याची प्रथा आपल्याकडेही आली आहे. कुणी उभे राहून सांगतो की प्रार्थनेने मधुमेह गेला, कुणाचा क्षय गेला, टाळ्या होतात. देव रोग बरे करू शकतो, यावर आमचा विश्वास आहे. परंतु लूर्द येथे १८८३ सालापासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे, तेथे श्रद्धा नसलेल्या डॉक्टरांनाही कागद पाहण्यास मुभा असते, आणि हजारो लोकांनी बरे झाल्याचे सांगितले असता ख्रिस्तसभेने १८५८ पासून आजवर सत्तरच्या आसपास घटनाच चमत्कार म्हणून मान्य केल्या आहेत. उरलेल्या सगळ्या खोट्या, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. आपण साक्ष देऊ शकत नाही, एवढेच म्हणते. अशी कंजुषी ओसरीवरही असावी. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडलेल्या माणसाचे काय होते, हे सरकारी दवाखान्यातील परिचारिका आमच्याहून चांगले सांगतील. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतर. तो कायदा आपल्यासाठी नाही, बाबा-बुवांसाठी आहे, असे आपल्या काही मंडळींना वाटते. कायद्यात तसे काही लिहिलेले नाही.

देवाविषयी बोलताना सचोटी म्हणजे काय, याचा मराठी भाषेतील सर्वांत कठोर धडा आम्हांस मिळतो तो पंडिता रमाबाईंच्या पत्रांत. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, म्हणून आपल्या नियतकालिकांतून त्यांच्याविषयी बेताचेच लिहिले जाते. १८५८ चा त्यांचा जन्म. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या विद्यालयात राहू लागल्या. आणि तेथूनच तो पत्रव्यवहार सुरू झाला.

रमाबाईंनी लिहिले की पवित्र त्रैक्याचे जे विवरण आपल्याला सांगितले जाते ते आपल्या बुद्धीस पटलेले नाही, अथानासियसच्या मतांगीकारातील शापवचने आपण तोंडाने म्हणणार नाही, आणि आपण कुण्या धर्मगुरूच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शब्दाला बांधील नाही. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र वाद न घालता प्रश्नांना उत्तरे देण्याचा धीर दाखवला. दोघींची पत्रे वाचताना बील यांच्याविषयी आदर वाढतो. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, ब्राह्मणांना संस्कृतविषयी जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते काय, असेही रमाबाईंनी विचारले होते. हा टोमणा आपल्या पंथालाही बसतो, आणि बसावा. ही सारी पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने छापली आहेत.

आता त्या वेळची त्यांची स्थिती ध्यानात घ्यावी. पंचविशी नुकतीच ओलांडलेली विधवा, पदरात लेकरू, परका देश, ऐकू कमी येऊ लागलेले, आणि अन्नवस्त्र ज्यांच्या हातून मिळते त्यांच्याशीच मतभेद. होय म्हणून टाकले असते तर सारे सुरळीत झाले असते. आम्ही त्रैक्यावर विश्वास ठेवतो. दर रविवारी मतांगीकार म्हणतो. रमाबाईंनी तेव्हा घेतलेली भूमिका आमची नाही, आणि पुढे त्यांचीही ती राहिली नाही. पण न पटलेले होय देवाला देण्यास त्यांनी नकार दिला, याला आम्ही श्रद्धेचा अभाव म्हणणार नाही. पुढे १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले की त्या काळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाक्य ज्या बाईने लिहिले तिच्यावर आपण विश्वास ठेवतो, कारण वीस वर्षांपूर्वी तिने सोयीचे होय म्हटलेले नव्हते. नंतर केडगावच्या मुक्तीसदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत उतरवले, निराधार स्त्रियांच्या हातांनी छापून घेतले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा छपाई व्हायची होती, १९२४ साली ग्रंथ बाहेर आला. शेतमजूर बाईला कळेल असा शब्द शोधण्यात त्यांची वर्षे गेली. देवाविषयी खरे बोलायचे तर ऐकणाऱ्याला ते कळलेही पाहिजे, हा त्या सचोटीचाच पुढचा भाग.

सचोटीइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे : दुसऱ्याच्या देवाविषयी आपण कसे बोलतो? एकोणिसाव्या शतकातील मराठीत ख्रिस्ती आणि हिंदू पंडितांचे जे वाद झाले, ज्यांत डॉ. जॉन विल्सन होते, १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी बोलणारे विष्णुबावा ब्रह्मचारी होते, ते वाचताना दोन्हीकडच्या विद्वत्तेचे कौतुक वाटते. पण आपल्या उत्तम संतांची तुलना समोरच्याच्या वाईट पुजाऱ्यांशी करायची, ही खोड दोन्हीकडे आहे. आमच्या काही प्रार्थनासभांतून ती अजून गेलेली नाही.

याच्या उलट उदाहरण आमच्या नागपुरातच आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली येथे आले. ज्यांच्या नावाने आज कॉलेज आहे तेच हे. मूर्तिपूजेविषयी त्यांची मते त्या काळच्या मिशनऱ्याची असावीत तशीच होती. असे असूनही त्यांनी एका परधानाच्या तोंडून गोंडांची लिंगोची गाथा ऐकून घेतली आणि मूळ गोंडी शब्दांसह लिहून काढली. देवांनी गोंडांना कसे निर्माण केले, ते गुहेत कसे कोंडले गेले, लिंगोने त्यांना कसे सोडवले, हे सारे त्यांनी परधानाने सांगितले तसे ठेवले. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांचे कागद १८६६ साली सर रिचर्ड टेम्पल यांनी छापले. दुसऱ्याचा देव खोटा आहे असे मनापासून मानणाऱ्या माणसानेही त्या देवाची गोष्ट खरी लिहून घेतली, आणि गोंड अभ्यासकांना आजही तिच्याकडे जावे लागते. शेजाऱ्याविषयी खरी साक्ष देण्यासाठी त्याच्याशी सहमत असावे लागत नाही.

पाखंडाच्या भीतीने असो वा भक्तीच्या भरात, साक्षीतील विसंगती पुसण्याचा मोह सर्वांनाच होतो. आमच्या विदर्भात रिद्धपूरला महानुभावांनी तो मोह आवरला, ही गोष्ट आम्हांस नेहमी हेवा वाटावी अशी वाटते. चक्रधरस्वामींच्या नंतर म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. त्यातून लीळाचरित्र झाले. पुढे पोथ्यांतून पाठ वेगळे पडले तेव्हा एकाच्या सांगण्यात असे आहे, दुसऱ्याच्या सांगण्यात तसे आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. एक ठरवून बाकीचे नदीत सोडले नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमानांचे धागे एकत्र विणून एकच गुळगुळीत कथा केली होती, आणि सीरियातील ख्रिस्तसभा पाचव्या शतकापर्यंत तीच वाचत होती. अखेर ख्रिस्तसभेने ती बाजूला ठेवली आणि चार वेगळी शुभवर्तमानेच राखली. पुनरुत्थानाच्या सकाळी थडग्याकडे किती स्त्रिया गेल्या, हे चौघे चार प्रकारे सांगतात. ज्यांना खोटे रचायचे असते ते आकडा आधी जुळवून घेतात. खाप्याच्या एका वृद्ध विणकराने आम्हांस सांगितले होते की सूत तुटले तर गाठ मारावीच लागते, गाठ उलट्या बाजूला घेता येते, पण सूत तुटलेच नव्हते असे सांगणारा विणकर नव्हे, व्यापारी.

ही शिस्त आपल्या पंथाने स्वतःच्या इतिहासालाही लावली, याचा उल्लेख येथे केला पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा विधी केला, त्यात सत्याची सेवा करताना घडलेल्या पापांसाठी वेगळी प्रार्थना होती. सत्याच्या सेवेत पाप! गोव्याच्या साष्टीत १५६७ च्या सुमारास देवळे पाडली गेली, आणि त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करून मराठीचा गौरव केला. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे घेतला. आपण पुराणाचा उत्सव करतो. देवळांचेही सांगावे; एकाच भूमीवरच्या, पन्नास वर्षांच्या अंतरातील या दोन गोष्टी आहेत.

कुणी म्हणेल, मग धर्मगुरूने बोलावे तरी काय? इतकी काटछाट केली तर उरते काय? सेमिनरीत आम्हांस शिकवले गेले की १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने निर्माता आणि निर्मिती यांत जेवढे साम्य सांगाल त्याहून भेद अधिक असतो, असे ठरवून दिले. आणि १२७३ च्या डिसेंबरात संत थॉमस अक्विनास यांनी आपले सारे लेखन गवताच्या काडीसारखे वाटते म्हणून लेखणी खाली ठेवली. परंतु मौनाचाही आडोसा होऊ शकतो. गुरुजींनी थेट विचारले की मेलेला माणूस उठला यावर तुमचा खरोखर विश्वास आहे का, तेव्हा 'प्रतीकात्मक अर्थाने' वगैरे बोलून चहा संपवणे सोपे होते. ते त्यांच्यावर अन्यायाचे झाले असते. होय, आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि दुसरा कप मागितला.

बुडालेल्या मुलाच्या आजीशी पुढे आमचे बोलणे झाले. तसबिरीमुळे काहीही झाले नाही, हे आम्ही तिला स्पष्ट शब्दांत सांगितले; एवढे मात्र आम्हांस नक्की ठाऊक होते. तिने काही उत्तर दिले नाही. नंतर २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी मिस्सात आम्ही अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनेत ते दर शुक्रवारी रात्री येते. रडगाण्याच्या इतर स्तोत्रांच्या शेवटी बहुधा स्तुतीकडे वळण असते, याला ते नाही. अंधाराचा उच्चार होतो आणि स्तोत्र संपते. इतक्या शतकांत कुणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही. मिस्सानंतर म्हातारीने नातीकरवी ते स्तोत्र वहीत उतरवून मागितले. आम्ही थांबलो, आणि मुलीने ते पूर्ण लिहून घेतले.